नस जाळल्यावर पाठीचा स्नायू सुकतो का?

मुळशीतल्या माले गावच्या एका भातशेतकऱ्याचा प्रश्न : वाकून लावणी करताना बळावलेल्या कंबरदुखीवर नस जाळण्याचा उपचार सुचवला आहे, त्याने पाठ कायमची कमजोर होईल का?

उत्तर : शंका रास्त आहे. रेडिओफ्रिक्वेन्सी उपचारात सुईच्या टोकाशी साधारण 80 अंश सेल्सिअस उष्णता देऊन मणक्याच्या सांध्याची वेदना वाहणारी बारीक नस बंद करतात. मणक्याला लगटून असलेला मल्टिफिडस स्नायूही याच नसेवर चालतो, त्यामुळे तो काही काळ अंशतः लुळा पडतो. नस बहुधा 6 ते 12 महिन्यांत पुन्हा वाढते. दुखणेही तेव्हा परतू शकते.

मात्र सगळा दोष उपचाराचा नव्हे. जुन्या कंबरदुखीतही हा स्नायू झडतो, त्यात चरबी शिरते. ऑस्ट्रेलियात संशोधक ज्युली हाइड्स यांनी 1996 साली दाखवून दिले, की दुखणे थांबले तरी तो आपोआप भरत नाही. नेमका व्यायाम लागतो.

म्हणून आराम पडताच फिजिओथेरपिस्टकडे जावे. हात-गुडघे टेकून उजवा हात व डावा पाय सरळ उचलून धरणे, मग बाजू बदलणे, हा अशा व्यायामांपैकी एक साधा प्रकार. पायात बळ कमी वाटले किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.