लोखंडी घर आणि पावसाळा

पनवेलच्या शेजारी खालापूर तालुका आहे. तिथे इर्शाळगडाच्या उतारावर इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ ची रात्र. मुसळधार पाऊस. डोंगर खचला. कित्येक घरे मातीखाली गेली. २७ माणसांचे देह मिळाले. ५७ माणसे सापडलीच नाहीत.

वाचलेल्यांना चौक गावाजवळ कंटेनरची घरे मिळाली. पुढे सिडकोने पक्की घरे बांधली. कंटेनरचे घर लवकर उभे राहते, पण पावसाळ्यात त्याला जपावे लागते. आम्ही सांगतो ती कामे मिरगाच्या आधी उरका.

घराभोवती चर खणा. पाणी तुंबू देऊ नका. विजेच्या तारा वायरमनकडून तपासून घ्या. उघडी तार पत्र्याला लागली, तर सारे घर झटका देते. रेशनकार्ड, सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

वस्ती डोंगराखाली असेल, तर डोंगराकडे नजर ठेवा. जमिनीला नवी भेग पडली, झाडे कलली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, की घर सोडा. रात्र असली तरी थांबू नका. म्हातारी माणसे आणि पोरे आधी बाहेर काढा. शेजाऱ्यांना हाक मारा. ११२ ला फोन करा. सामान मागून आणता येईल.