पत्त्यांची वाटणी आणि जाळ्याचा हिशेब

समजा, एका शाळेतील इंटरनेट रोज दुपारी मंदावते. प्रयोगशाळेतील शिक्षक म्हणतात, वाचनालयात कोणीतरी चित्रफिती पाहत असणार. वाचनालयातून उत्तर येते, दोष प्रयोगशाळेचाच! अशा वेळी तर्क कामाचा नाही, मोजमाप हवे. जाळ्याच्या तोंडाशी असलेला राउटर कोणत्या पत्त्यावर किती माहिती आली-गेली याची नोंद ठेवू शकतो. पण त्या नोंदीत नुसते आकडे असतात. त्यांतील प्रयोगशाळेचे कोणते आणि वाचनालयाचे कोणते, हे कळण्यासाठी पत्त्यांची आधीच पद्धतशीर वाटणी करावी लागते. अशा प्रत्येक वाट्याला सबनेट, म्हणजे उपजाळे म्हणतात. ही पद्धत १९८५ साली प्रमाणित झाली.

आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा असतो. आठ-आठ बिटांचे चार गट करून तो लिहितात. म्हणून प्रत्येक गटात ० ते २५५ पर्यंतची संख्या येते. पिनकोडाचे पहिले तीन अंक टपालाचा विभाग दाखवितात व उरलेले तीन त्यातील टपाल कचेरी. तसाच पत्त्याचा पुढचा भाग जाळे दाखवितो व मागचा भाग त्यातील यंत्र. फरक एवढाच, की येथे सीमारेषा आपल्याला सरकविता येते. ती कोठे आहे हे सबनेट मास्क सांगतो.

आपल्या शाळेकडे १९२.१६८.१०.० ते १९२.१६८.१०.२५५ असे २५६ पत्ते आहेत असे धरू. त्यांचे चार समान भाग करू. चार भाग ओळखण्यास दोन बिटे पुरतात, कारण २ × २ = ४. म्हणून शेवटच्या गटातील पहिली दोन बिटे जाळ्याकडे द्यावयाची. मास्क होतो २५५.२५५.२५५.१९२. वाटणी अशी:

० ते ६३ : कार्यालय
६४ ते १२७ : प्रयोगशाळा
१२८ ते १९१ : वाचनालय
१९२ ते २५५ : शिक्षककक्ष

प्रत्येक वाट्यात ६४ पत्ते आहेत. पण पहिला पत्ता उपजाळ्याच्या नावाचा व शेवटचा सर्वांना एकदम निरोप देण्याचा. यंत्रांसाठी उरतात ६२.

आता १९२.१६८.१०.१५० हा पत्ता कोणाचा? पहिले तीन गट तेच आहेत. फक्त शेवटचा पाहू. दोन्ही संख्या द्विमान पद्धतीने लिहा:

१५० = १००१०११०
१९२ = ११००००००

जेथे दोन्हीकडे १ असेल तेथेच १ मांडा, एरवी ०. उत्तर येते १०००००००, म्हणजे १२८. अर्थात हा पत्ता वाचनालयाचा!

अहवाल तयार करणारा प्रोग्रॅम प्रत्येक नोंदीसाठी हीच क्रिया करतो आणि बेरीज त्या त्या वाट्यात टाकतो. समजा, ७७ व ९० या पत्त्यांवर अनुक्रमे ३०० व २०० मेगाबाइट माहिती आली, तर १३१ व १५० वर ६०० व ९००. मग प्रयोगशाळेचा वापर ५०० आणि वाचनालयाचा १५०० मेगाबाइट झाला.

मात्र वाटणी व अहवालातील यादी तंतोतंत जुळली पाहिजे. यादीत वाचनालयापुढे चुकून २५५.२५५.२५५.१२८ असा मास्क लिहिला, तर १२८ ते २५५ हे सारे पत्ते त्याच्या नावावर जातील व शिक्षककक्षाचा वापरही वाचनालयाच्या माथी बसेल. बेरीज बरोबर, पण निष्कर्ष खोटा! आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. अहवाल खोली दाखवितो. यंत्रापुढे कोण बसले होते व कशासाठी, हे तो सांगत नाही.

आता तुम्हीच सोडवा: (१) १९२.१६८.१०.२०१ हा पत्ता कोणाच्या वाट्याचा? (२) शाळेने आठ समान भाग केले, तर मास्क कोणता व प्रत्येक भागात यंत्रांसाठी पत्ते किती?

उत्तरे: (१) शिक्षककक्षाच्या. (२) २५५.२५५.२५५.२२४, ३० पत्ते.