अन्य भाषा आली नाही, तर?

प्रश्न : बाप्तिस्मा होऊन बरीच वर्षं झाली. बाहेरगावचे एक प्रचारक म्हणतात, अन्य भाषेत प्रार्थना येत नाही म्हणजे पवित्र आत्म्याचं सामर्थ्य तुमच्यात नाही. खास प्रार्थनेसाठी देणगी मागतात, सासूबाईंच्या साखरेच्या गोळ्याही बंद करायला सांगतात. माझाच विश्वास कमी पडतोय का?
– एक भगिनी, बऱ्हाणपूर

उत्तर : नाही, ताई. करिंथकरांस पहिल्या पत्राचा बारावा अध्याय उघडा. कृपादानं वेगवेगळी, सगळ्यांना एकच नाही, आत्मा मात्र तोच, असं पौल तिथे समजावतो. १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जागृती झाली, तेव्हा प्रार्थनेत पुढे होत्या त्या आश्रमातल्याच मुली आणि विधवा. काही जणी अन्य भाषांत बोलल्या. सर्वांना ते दान हवंच, असा आग्रह तिथे नव्हता.

देणगीचं म्हणाल, तर प्रेषितांच्या कृत्यांतला शिमोन जादूगार आठवा. हे सामर्थ्य तो विकत घ्यायला निघाला आणि पेत्रानं त्याला चांगलंच झापलं. तेव्हा पैसे अजिबात देऊ नका.

गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नका. प्रार्थना आणि औषध यांचं भांडण कुणी लावलं, देव जाणे! प्रचारक पुन्हा आले, तर तुमच्या मंडळीच्या पाळकांना सोबत बसवूनच बोला.