पाकिटं भरलेली, खात्यात खडखडाट

सासूबाईंच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली, लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं असायची. त्यांवर दूध, भाडं, फी, सणवार अशी त्यांच्या अक्षरातली नावं. सासऱ्यांचा पगार झाला की त्याच संध्याकाळी नोटा त्यांत वाटल्या जात. फीच्या पाकिटातून काही उचललं तर आत चिठ्ठी पडे: ‘दुधासाठी 50 घेतले.’

तीच पद्धत मी मोबाइलवर आणली. एका अ‍ॅपमध्ये चौदा पाकिटं केली. त्यातलं सगळ्यात जपलेलं पाकीट सासूबाईंच्या मेडिक्लेमचं. वर्षाचा हप्ता 38,400, म्हणून दर महिन्याला 3,200 बाजूला. सप्टेंबरात ते पाकीट पूर्ण भरलं आणि मी निर्धास्त झाले.

20 सप्टेंबरला हप्ता खात्यातून आपोआप वळता व्हायचा होता. झाला नाही. सगळ्या पाकिटांची बेरीज अ‍ॅप 64,900 दाखवत होतं आणि खात्यात होते 21,700. हप्ता परत गेल्याचा मेसेज गणपतीच्या गडबडीत, जाहिरातींच्या गर्दीत कुठेतरी बुडाला. 1 ऑक्टोबरला पगार झाल्यावर हिशेब जुळवायला बसले, तेव्हा तो सापडला. त्याच मिनिटाला हप्ता भरला.

मुदत उलटल्यावर 30 दिवसांत पैसे भरले तर पॉलिसी तुटत नाही. पण वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीत त्या मधल्या दिवसांतल्या आजारपणाचा खर्च मिळत नाही. सासूबाईंची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. त्या अकरा दिवसांतल्या एका रात्री त्यांच्या छातीत दुखलं होतं आणि आम्ही रिक्षा करून दवाखाना गाठला होता. पित्त निघालं. ती रात्र आठवली की आजही माझे हात गार पडतात.

43,200 रुपये गेले कुठे? पासबुक घेऊन रात्रभर शोधलं. 26,350 क्रेडिट कार्डाच्या बिलात गेले होते. कार्डावर केलेली खरेदी मी त्या दिवशी पाकिटातून वजा करत नव्हते, बिल आल्यावर बघू म्हणायचे. त्यामुळे किराण्याचं पाकीट भरलेलंच दिसे आणि आम्ही त्यातून पुन्हा यूपीआयने खर्च करत असू. बिल आलं आणि त्याने मेडिक्लेमचे पैसे खाल्ले. उरलेले 16,850 म्हणजे पाच महिन्यांतले नवऱ्याच्या फोनवरून गेलेले चहा, पेट्रोल, भाजी, मुलीच्या झेरॉक्स. एकेक रक्कम चाळीस-ऐंशीची. कुणीच नोंदवली नव्हती.

सासूबाईंच्या पाकिटात नोट नसली तर खर्च होऊच शकत नव्हता. माझ्या पाकिटात नुसता आकडा होता. पैसे सगळे एकाच खात्यात, आणि त्या खात्याला हात घालणारे आम्ही दोघं आणि एक कार्ड.

म्हणून माझं पहिलं सांगणं: वर्षातून एकदाच येणारे खर्च, म्हणजे विमा, मालमत्ता कर, जूनमधली फी, दिवाळी, यांचे पैसे खरोखर वेगळ्या बचत खात्यात ठेवा. त्या खात्याला यूपीआय जोडू नका, डेबिट कार्ड पर्समध्ये बाळगू नका. पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम तिकडे आपोआप जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा, आणि हप्ता त्याच खात्यातून वळता करा. किमान शिलकीची अट मात्र आधी विचारून घ्या.

भाजी, रिक्षा, दूध यांसाठी आम्ही यूपीआय लाइट वापरतो. त्यात एका वेळी जास्तीत जास्त 5,000 ठेवता येतात आणि एक व्यवहार 1,000 पर्यंतचा होतो. दर सोमवारी आम्ही दोघं प्रत्येकी 1,500 भरतो. संपले की संपले. जुन्या पाकिटाच्या सगळ्यात जवळचं मला हेच वाटतं. फक्त आपोआप भरणा बंद ठेवा, नाहीतर त्या पाकिटाला तळच उरत नाही. या छोट्या खर्चांची एकेक नोंद पासबुकात येत नाही, तिथे फक्त भरलेली रक्कम दिसते. पण भाजीच्या प्रत्येक जुडीचा हिशेब ठेवण्यात मी पाच महिने घालवले आहेत. तो हट्ट सोडा.

कार्ड वापरलंत तर दुकानातून बाहेर पडण्याआधी ती रक्कम पाकिटातून काढून ‘कार्डाचं बिल’ नावाच्या पाकिटात टाका. चौदा पाकिटं सांभाळणं कुणालाच झेपत नाही. आमची आता सहा आहेत. काही अ‍ॅप्स तुमचे मेसेज वाचण्याची परवानगी मागतात. त्याच मेसेजांत ओटीपीही येतात, म्हणून मी ती देत नाही.

चिठ्ठीही परत आणली आहे. एका पाकिटातून दुसऱ्यात पैसे वळवले की कारण लिहायचंच. रविवारी जेवणं झाल्यावर अ‍ॅपची बेरीज आणि दोन्ही खात्यांची शिल्लक आम्ही समोरासमोर ठेवतो. दहा मिनिटं लागतात. सासूबाई जवळ बसतात आणि विचारतात, “अगं, माझ्या मेडिक्लेमचे किती झाले?” मी अ‍ॅप बाजूला ठेवते आणि बँकेतली शिल्लक त्यांना वाचून दाखवते.