लेकरांना वाढू द्या

रविवार आला की लेकरं "हॉटेलात चला" म्हणून मागे लागतात. तिथं पोचलो की जेवण येईस्तोवर आपण त्यांच्या हातात मोबाईल देतो. त्यांना हॉटेलातलं नेमकं काय आवडतं, हे कधी निरखून पाहिलंय? पनीर तर निम्मं ताटातच राहतं. आवडतं ते मेनू कार्ड, आणि "तुम्हाला काय आणू?" असं कुणीतरी मोठ्या माणसासारखं विचारणं. हे सगळं घरीही होतं. फक्त लेकराला गिऱ्हाईक करू नका, वाढपी करा.

नांदेडकरांनी हे पाहिलेलं आहे. हुजूर साहिबच्या लंगरमध्ये पंगतीत बसलेलं लेकरू दोन्ही हात पुढं करून रोटी घेतं, आणि वाढणाऱ्यांत आपल्याएवढं पोर दिसलं की बघतच राहतं. आपल्या लग्नांतही पंगती होत्या तोवर मीठ वाढायचं काम लहानांकडं असायचं. बुफे आले, ते कामही गेलं.

मेनू छोटाच ठेवा. लातूरच्या तूरडाळीचा दाल तडका, रोटी आणि भात. हौस असेल तर निलंगा राईस. कार्ड लेकरानंच लिहायचं. 'रोठी' लिहिलं तरी त्या दिवशी खोडरबर काढू नका. डाळ दुपारीच शिजवून ठेवा, कारण घाई झाली की "सर तिकडं, सांडशील" हे आपल्या तोंडून निघतंच.

रोटीसाठी लोखंडी तवाच घ्या, नॉनस्टिकवर जमत नाही. कणकेत थोडं दही घालून ती अर्धा तास झाकून ठेवा. जाडसर लाटलेल्या रोटीच्या एका बाजूला लेकराला पाणी लावू द्या. ती ओली बाजू तापल्या तव्यावर टाका आणि वर फुगे आले की तवाच उलटा करून जाळावर धरा. रोटी चिकटलेली राहते, पडत नाही! लेकरं डोळे मोठे करून बघतात, पण दोन हात लांबूनच. तवा आणि फोडणी आपल्याकडं.

ऑर्डर आजीपासून घ्यायची. "मला काहीपण चालतं," असं ती म्हणेल, म्हणून तिला आधीच सांगून ठेवा: रोटी मऊ हवी, डाळीत लिंबू हवं, असं काहीतरी नेमकं मागा. लेकरू वाटेत विसरलं तर पुन्हा विचारायला जाऊ द्या. आजीला कडक चावत नाही, काकाला तिखट सोसत नाही, हे त्याला अशा फेऱ्यांतूनच कळतं.

नांदेड आणि लातूर या दोन शहरांत शिकवणीसाठी खोली करून मेसच्या डब्यावर जेवणारी पोरं आपण रोज बघतो. आपलं लेकरूही एक दिवस असंच कुठंतरी जाईल. सगळ्यांनी घरी एकत्र जेवायची वर्षं फार नसतात, म्हणून हा खेळ पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.

सगळ्यांचं झालं की वाढप्याला भूक लागलेली असेल. त्याला पाटावर बसवा आणि त्याची ऑर्डर बाबांनी घ्यावी, कागद-पेन घेऊन.