नेमबाजीचें पिस्तूल कसें निवडावें?

नेमबाजी हा बळाचा नव्हे, स्थैर्याचा खेळ आहे. हात, डोळा व मन हीं तिन्ही क्षणभर एके ठिकाणीं आणणें हेंच त्याचें मर्म होय. परंतु या तिघांच्या जोडीस एक साधन लागतें, तें म्हणजे पिस्तूल. तें कसें पारखावें, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्ही योजिलें आहे.

आरंभींच एक गोष्ट सांगितली पाहिजे. पिस्तूल हें खेळणें नव्हे. आपल्या देशांत काडतुसाचें पिस्तूल परवान्यावांचून बाळगणें हा १९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. म्हणून नवशिक्यानें प्रथम नेमबाजीच्या संस्थेंत, शिक्षकाच्या देखरेखीखालीं, तेथील हवेच्या पिस्तुलावर हात बसवावा. खरेदीचा विचार मागाहून करावा. प्रत्येक पिस्तूल भरलेलेंच आहे असें समजून हाताळावें, नळीचें तोंड लक्ष्याखेरीज कोठेंही वळूं देऊं नये, आणि नेम धरण्यापूर्वीं बोट चापावर ठेवूं नये. हे तीन नियम ज्याच्या अंगवळणीं पडले नाहींत, त्यानें पुढील मजकूर वाचण्याची घाई करूं नये.

आतां निवडीकडे वळूं. पहिली कसोटी सुखाची. १० मीटर हवेच्या पिस्तुलाच्या स्पर्धेंत एकाच हातानें, हात लांब करून, सव्वा तासांत ६० वेळां नेम साधावा लागतो. पिस्तुलाचें वजन १५०० ग्रॅमपेक्षां अधिक नसावें असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण नियमांत जें बसतें तें प्रत्येक मनगटास झेपतेंच असें नाहीं. म्हणून थकलेल्या हातानेंही जें स्थिर राहतें, तें आपलें समजावें.

मूठ हातास बसते कीं नाहीं, हें पाहण्याची युक्ति सोपी आहे. रिकामें पिस्तूल घेऊन, लक्ष्यासमोर उभें राहून डोळे मिटावे व हात नेहमींच्या रीतीनें उचलावा. डोळे उघडतांच पुढची माशी मागच्या खांचेच्या मध्यभागीं दिसली, तर मूठ बरोबर आहे. मनगट वळवून ती जुळवावी लागत असेल, तर मूठ तासून घ्यावी किंवा बदलावी. या बारकाव्याचें कारण गणितानें कळतें. माशी व खांच यांतील अंतर ३२ सेंटिमीटर धरिलें, तर तेथील एक मिलिमीटरची चूक १० मीटरांवर सुमारें ३१ मिलिमीटर होते. आणि दहा गुणांचें वर्तुळ तर अवघें ११.५ मिलिमीटर व्यासाचें असतें!

हंगेरीचे कारोली टाकाच यांचा उजवा हात १९३८ सालीं हातबाँबच्या स्फोटानें निकामी झाला. त्यांनीं डाव्या हातानें अभ्यास करून १९४८ सालीं लंडन येथें व १९५२ सालीं हेलसिंकी येथें ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविलें. उजव्या हातासाठीं कोरलेली मूठ डाव्या हातास चालत नाहीं. पिस्तुलानें हाताप्रमाणें व्हावें, हातानें पिस्तुलाप्रमाणें नव्हे.

दुसरी कसोटी चापाची. हवेच्या पिस्तुलाचा चाप ओढण्यास निदान ५०० ग्रॅम, व २५ मीटर स्पर्धेच्या पिस्तुलाचा निदान १००० ग्रॅम भार लागला पाहिजे, असा नियम आहे. चाप बोटाच्या पहिल्या पेरास सहज पोंचावा, अडखळूं नये, आणि प्रत्येक वेळीं एकाच जागीं सुटावा.

तिसरी कसोटी विश्वासाची. टोकियो येथील स्पर्धेंत, २०२१ सालीं, मनू भाकर यांच्या पिस्तुलाचा खटका प्राथमिक फेरींतच बिघडला. दुरुस्तींत बहुमोल वेळ गेला आणि अंतिम फेरी दोन गुणांनीं हुकली. त्याच मनू भाकर यांनीं २०२४ सालीं पॅरिस येथें दोन कांस्यपदकें मिळविलीं. कौशल्य दगा देत नाहीं तेथें यंत्र देऊं शकतें, हें यावरून ध्यानीं यावें.

काडतुसाच्या पिस्तुलाविषयीं तर अधिकच जपावें. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांना २०१८ सालीं जकार्ता-पालेम्बांग येथील आशियाई स्पर्धेंत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक बरोबरी फोडण्यासाठीं पुन्हा नेम साधून मिळवावें लागलें. अशा वेळीं एक काडतूस अडकलें तरी सारा डाव फिरतो. म्हणून घेण्यापूर्वीं निरनिराळ्या बनावटीचीं काडतुसें झाडून पाहावीं. कोणतेंही पिस्तूल सर्वच काडतुसांशीं सारखें जुळतें असें नाहीं. सुटे भाग व कुशल कारीगर जवळ मिळतात कीं नाहीं, याचीही चौकशी करावी. हवेच्या पिस्तुलाच्या नळकांड्यावर छापलेली मुदत पाहण्यास विसरूं नये.

किंमत व झगमगाट यांचा विचार शेवटीं करावा. साधें, पण हातास बसणारें व न अडणारें पिस्तूल वर्षानुवर्षें सोबत करतें. सराव संपतांच तें रिकामें करून, पुसून, कुलपांत ठेवावें. काडतुसें निराळ्या कुलपांत असावींत. जो विद्यार्थी इतकी शिस्त पाळील, त्याच्या हातीं हें साधन देण्यास कोणाही वडीलधाऱ्यास शंका वाटणार नाहीं.