नळ्या जोडण्याआधी

जुईनगर, नवी मुंबई



तेविसाव्या वर्षी झालेलं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन आता बत्तिसाव्या वर्षी फिरवता येईल का, असं तू विचारलं आहेस. येतं. बांधलेल्या नळ्या पुन्हा जोडतात, डॉक्टर त्याला रिकॅनलायझेशन म्हणतात, आणि मुंबईला हे काम नवं नाही. गर्भपिशवीच्या तोंडाला घालायचा टाका ज्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर १९६०च्या दशकात बंद नळ्या दुरुस्त करण्यावर लिहीत होते. सूक्ष्मदर्शकाखाली शिवण्याची आजची पद्धत तेव्हा अजून रुळायची होती. पण ‘होतं’ म्हणजे ‘तुझं होईलच’ असं नाही. सर्जन उरलेल्या नळीची दोन टोकं जुळवतो. कापलेली नळी परत आणत नाही आणि गेलेली वर्षं तर नाहीच नाही. म्हणून माझा सल्ला असा की ही इच्छा तुझी स्वतःची असेल तर तू थांबू नकोस, आणि तुझी नसेल तर कुणाच्याही आग्रहाने टेबलावर झोपू नकोस.

आधी तुझ्या मनातली ती टोचणी. ‘कायमचं’ असं लिहिलेल्या कागदावर मीच सही केली, आता कोणत्या तोंडाने डॉक्टरकडे जाऊ, असं तुला वाटतं. संमतीपत्रावर ते लिहिलेलं असतं हे खरं, आणि ते योग्यही आहे, कारण उलटवता येईल या भरवशावर कुणी हे ऑपरेशन करू नये. पण सही कोणत्या वयात घेतली जाते तेही बघ. सरकारी नियमाने बाईचं वय बावीसच्या वर आणि एक मूल वर्षाच्या पुढचं असलं की ती पात्र ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली, पुरुषांच्या नसबंदीचा वाटा ०.३ टक्के. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं आहे आणि देशभर ते साधारण पंचविशीच्या आसपास उरकलं जातं. म्हणजे गर्भनिरोधनाचा जवळजवळ सगळा भार बायकांनी तरुण वयात, तोही कायमच्या उपायाने उचलायचा, आणि पुढे आयुष्याने वळण घेतलं तर ‘सही केली होतीस ना’ म्हणून गप्प बसायचं. अमेरिकेत नसबंदी झालेल्या हजारो स्त्रियांचा चौदा वर्षं मागोवा घेतला गेला. तिशीपर्यंत ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे २० टक्के स्त्रियांनी पुढे खंत बोलून दाखवली, तिशीनंतरच्यांत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आत होतं. पोरी, हा स्वभावाचा दोष नव्हे. तुझ्यासारखं वैधव्य आणि पुनर्विवाह तेविसाव्या वर्षी कुणी हिशोबात धरत नाही. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीत ज्यांची मुलं गेली त्या आयांसाठी तमिळनाडू सरकारने नळ्या जोडण्याची हीच शस्त्रक्रिया मोफत केली होती. जे सरकार ऑपरेशन करायला लावतं तेही प्रसंगी ते उलटवतं. तू संकोच कशाला करतेस?

आता शरीराचं. बीजवाहिनी साधारण दहा-बारा सेंटिमीटर लांबीची असते. पिशवीकडे ती अरुंद, पुढे रुंद, आणि टोकाला झालर असते. झालर बीज टिपते, रुंद भागात बीज आणि शुक्रजंतू भेटतात, आणि तिथून गर्भ पिशवीकडे सरकतो. तेव्हा नळी कुठे आणि किती खराब केली यावर निम्मा निकाल ठरतो. बाळंतपणानंतर पोटावर छोटा छेद देऊन करतात त्या ऑपरेशनात नळीचा वेढा बांधून मधला तुकडा कापतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनात बहुधा रबरी कडी चढवतात आणि दोनेक सेंटिमीटर नळी निकामी होते. विजेने जाळली असेल तर नुकसान मोठं, आणि झालरच कापून टाकली असेल तर जोडण्यासारखं फारसं उरत नाही. अरुंद भाग अरुंद भागाला जोडता आला आणि एकूण नळी चार सेंटिमीटरच्या वर राहिली तर आशा चांगली धरतात. तुझं दुर्बिणीचं की टाक्यांचं, हे तुला आठवत नाही म्हणतेस. आठवणीवर जाऊच नकोस, ज्या ग्रामीण रुग्णालयात झालं तिथलं डिस्चार्ज कार्ड किंवा नोंदवहीतला उतारा मिळव. तो कागद नसेल तर शेवटचा निर्णय दुर्बीण घालून आत पाहिल्यावरच होईल, हे डॉक्टरने आधी सांगायला हवं. न पाहता खात्री देणारा असेल तर तिथून उठून ये.

तुझ्या जाऊबाई म्हणतात की पोट फाडण्यापेक्षा सरळ टेस्ट ट्यूब करावं. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भारतात शास्त्रीय नोंदींसह झालेलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ १९८६ मध्ये आपल्याच परळच्या केईएम रुग्णालयात जन्मलं, तेव्हापासून हे तंत्र खूप पुढे गेलं आहे, आणि त्यात नळ्यांची गरजच पडत नाही. तुझ्या नवऱ्याच्या शुक्रजंतूंचा अहवाल खराब आला, किंवा तुझं वय अडतीस-चाळीस असतं, तर मीही तेच सांगितलं असतं. म्हणून तुझ्या पोटाला हात लावण्याआधी त्याची तपासणी होऊ दे. ती सगळ्यात स्वस्त आणि बिनधोक चाचणी असून पुरुष नेमकी तीच टाळतात. पण अहवाल चांगला असेल तर बत्तिसाव्या वर्षी पारडं जोडणीकडे झुकतं. टेस्ट ट्यूबचा प्रत्येक प्रयत्न वेगळा असतो: इंजेक्शनं, बीज काढणं, खर्च, सगळं पुन्हा. जोडणी एकदाच होते आणि मग दर महिन्याला संधी मिळते. बेल्जियममधल्या एका छोट्या तुलनेत सदतीस वर्षांच्या आतल्या स्त्रियांत जोडणीनंतर बाळ होण्याचं एकत्रित प्रमाण ७२ टक्के आणि टेस्ट ट्यूबने ५२ टक्के आलं. सदतिशीनंतर मात्र हा फायदा टिकला नाही. जगभरच्या अभ्यासांचा २०१७ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात जोडणीनंतर गर्भ राहण्याचं प्रमाण ४२ ते ६९ टक्के दिसतं. आकड्यांतली ही रुंदी वयामुळे, जुन्या ऑपरेशनच्या पद्धतीमुळे आणि सर्जनच्या हातामुळे येते. शेजारच्या कुणाचं झालं नाही यावरून तुझं ठरत नाही. आणि दीड वर्षात काही झालं नाही तर टेस्ट ट्यूबचा रस्ता मोकळाच आहे, फक्त तेव्हा तू साडेतेहतीसची असशील, चाळीसची नाही. दोन्ही मिळून हिशोब करायचा तो असा.

धोका कुठे आहे तेही स्पष्ट लिहिते, कारण जाहिरातीत ते बारीक अक्षरांत असतं. जोडलेल्या नळीत गर्भ अडकण्याची शक्यता ४ ते ८ टक्के, एरवीच्या गरोदरपणापेक्षा कितीतरी जास्त. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. म्हणून पाळी चुकली की पेढे वाटण्याआधी रक्ताची तपासणी आणि लगेच सोनोग्राफी, गर्भ पिशवीत आहे हे दिसेपर्यंत. ओटीपोटात एका बाजूला कळ, चक्कर, खांद्यात विचित्र दुखणं, यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठायचं. तुझ्या गावापासून सोनोग्राफीची आणि शस्त्रक्रियेची सोय किती लांब आहे, हे ऑपरेशनआधीच बघून ठेव. ते अंतर जास्त असेल तर दिवस राहिल्यावर पहिले दोन महिने माझ्याकडे राहा.

आता ज्या गोष्टीबद्दल मी हट्टी आहे ती. तुला दोन मुली आहेत. नव्या नवऱ्याचं स्वतःचं मूल नाही, आणि तुम्हा दोघांना एक मूल व्हावं असं वाटत असेल तर ते कुणाला पटवून द्यायची गरज नाही. पण घरात चर्चा ‘मुला’ची नसून ‘मुलग्या’ची असेल तर मी या ऑपरेशनच्या विरुद्ध आहे. जोडणीने गर्भ राहतो, मुलगाच राहतो असं नाही. पोटातलं मूल काय आहे हे सांगणं आणि त्यासाठी विचारणंही १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे. तिसरी मुलगी झाल्यावर त्या घरात तुझी आणि तिची काय किंमत राहील, हा प्रश्न नवऱ्याला तू आज विचार, बाळंतपणाच्या खोलीत नाही. दुसरं, तो ग्रामपंचायतीला उभं राहायचं म्हणतो आहे. आपल्या राज्यात दोनपेक्षा जास्त अपत्यांवर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अपात्रता येते, सरकारी नोकरीसाठीही २००५पासून लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र आहे. आधीच्या लग्नाची मुलं तुमच्या बाबतीत कशी मोजली जातील ते चांगल्या वकिलाकडून समजून घ्या, पारावरच्या माहितीवर जाऊ नका.

खर्चाची काळजी करतेस, तर आधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करू. जुईनगरहून हार्बरच्या गाडीने सँडहर्स्ट रोडला उतरलं की जे. जे. रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. केईएमला जायचं तर कुर्ल्याला गाडी बदलून परळ. वाशी-नेरूळला खासगी रुग्णालयं भरपूर आहेत. तिथे गेलो तर डॉक्टरला दोनच प्रश्न विचारायचे: अशा किती जोडण्या तुम्ही स्वतः केल्या, आणि त्यातल्या माझ्या वयाच्या किती जणींच्या हातात बाळ आलं. नुसता गर्भ राहिल्याचा आकडा घ्यायचा नाही. टेस्ट ट्यूबचं केंद्र असेल तर २०२१च्या कायद्याखालची त्याची नोंदणी बघायची. येताना जुनं डिस्चार्ज कार्ड, दोन्ही बाळंतपणांचे कागद, थायरॉइड आणि साखरेचे अहवाल आण, आणि नवऱ्याला बरोबर आण. तो आला नाही तर तपासणी पुढे ढकलू.

तुझी
मावशी